खोपोलीचं पावर हाऊस: सगळे विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं

बोरघाटातून जाताना डोंगरावरून खाली उतरणारे ते जाडजूड पाइप सगळ्यांनी बघितलेले असतात. गाडीत कोणीतरी विचारतंच की हे काय आहे, आणि कोणीतरी सांगतं की टाटांचं आहे, आणि विषय तिथेच संपतो. खोपोलीत राहणाऱ्या पोरांनाही यापेक्षा जास्त माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण मुंबईच्या गिरण्या, लोकल, मावळातली भातशेती, मुळशीचा सत्याग्रह आणि आज चाललेली पाण्याची भांडणं हे सगळं या एका जागेशी जोडलेलं आहे. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. काही उत्तरं लांब झालीत, पण विषयच तसा आहे.

पावर हाऊस नेमकं कधी सुरू झालं?

फेब्रुवारी 1915. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते. त्याआधी 7 नोव्हेंबर 1910 ला टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पावर सप्लाय कंपनी स्थापन झाली होती आणि फेब्रुवारी 1911 मध्ये आधीचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी वर लोणावळ्याला कामाची कोनशिला बसवली. म्हणजे कोनशिलेपासून वीज सुरू व्हायला चार वर्षं. या चार वर्षांत धरणं, कालवे, डोंगरावरचे पाइप, पावर हाऊस आणि मुंबईपर्यंतची तारांची लाइन, सगळं झालं, आणि हे आजच्यासारख्या मशिनरीशिवाय, लोणावळ्याच्या पावसात, जिथे वर्षातले चार महिने बाहेरचं काम जवळजवळ बंदच पडतं. शेवटचं वर्ष तर पहिल्या महायुद्धाचं होतं आणि मोठी यंत्रं युरोपातून बोटीने येत होती (टर्बाइन स्वित्झर्लंडच्या एशर विस कंपनीची होती). तरी काम पुरं झालं.

भारतातलं पहिलं जलविद्युत केंद्र हेच ना?

नाही. हे व्हॉट्सअपवर खूप फिरतं पण ते चुकीचं आहे. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला 1897 मध्येच छोटं केंद्र सुरू झालं होतं आणि म्हैसूर संस्थानात शिवसमुद्रमला 1902 मध्ये, तिथून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज जायची. खोपोलीचं मोठेपण वेगळं आहे. एका अख्ख्या औद्योगिक शहराला, आणि तेही खाजगी कंपनीने, इतक्या उंचीवरून पाणी पाडून आणि एक लाख व्होल्टच्या लाइनने वीज पुरवायची ही त्या काळात जगातसुद्धा धाडसाची गोष्ट होती. पहिलं म्हणायची गरजच नाही, जे आहे तेच पुरेसं मोठं आहे.

कल्पना कोणाची? जमशेदजींची?

ध्यास जमशेदजींचा हे नक्की. ते स्वतः गिरणीवाले, नागपूरची एम्प्रेस मिल 1877 पासून त्यांनी चालवली, त्यामुळे कोळशावर गिरणी चालवायची म्हणजे काय खर्च आणि काय धूर हे त्यांना दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. पण घाटमाथ्यावरचा पाऊस अडवून खाली कोकणात पाडायचा ही नेमकी योजना डेव्हिड गॉस्लिंग नावाच्या मुंबईतल्या आर्किटेक्टने मांडली, आणि मग आर. बी. जॉयनर या इंजिनियरने मोजमापं, पाऊस, जागा असं सगळं बघून ती कागदावर पक्की केली. जमशेदजी 1904 मध्ये गेले, त्यांना यातलं काहीच बघायला मिळालं नाही. पुढचं सगळं सर दोराबजी आणि रतनजी या मुलांनी तडीला नेलं. भांडवल लंडनला न उभारता इथेच उभं राहिलं, त्यात संस्थानिकांचाही पैसा होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण तेव्हा एवढा मोठा पैसा आपल्या माणसांकडून उभा राहील यावर फार कोणाचा विश्वास नव्हता.

खोपोलीच का निवडली?

नकाशा उघडा आणि खोपोली ते खंडाळा सरळ रेषेत अंतर बघा, लगेच कळेल. वर घाटमाथा, तिथे लोणावळ्याला वर्षाला साधारण साडेचार हजार मिलिमीटर पाऊस, आणि माथ्यावरून एकदम कडा तुटून खाली कोकण. पाणी वर आहे, खाली यायला थोडंसंच अंतर आणि उंची मात्र सतराशे फुटांच्या वर, म्हणजे 500 मीटरपेक्षा जास्त. जलविद्युतला यापेक्षा चांगली जागा मिळणं कठीण.

दुसरं कारण रेल्वे. बोरघाटाची रेल्वे 1863 ला चालू झाली, पण त्याच्याआधीच 1856 पासून मुंबईची गाडी खोपोलीपर्यंत येत होती, इंग्रज लोक तिला कॅम्पूली म्हणायचे. प्रवासी इथे उतरायचे, पालखीतून नाहीतर घोड्यावरून घाट चढायचे आणि वर खंडाळ्याला पुण्याची गाडी पकडायचे. घाटाची लाइन झाल्यावर खोपोलीचं ते महत्त्व गेलं, पण रूळ राहिले. पन्नास वर्षांनी अवजड टर्बाइन आणि पाइप आणायची वेळ आली तेव्हा डोंगराच्या पायथ्यापर्यंत रेल्वे तयार होती. गाव तर त्याहून जुनं, नाना फडणवीसांनी बांधलेलं महादेवाचं देऊळ आणि तलाव आजही आहे.

पाणी येतं कुठून? खोपोलीत तर धरण दिसत नाही.

धरणं सगळी वर आहेत, पुणे जिल्ह्यात. वळवण, लोणावळा आणि शिरोटा (शिरवटाही म्हणतात) हे मुख्य तलाव. लोणावळ्याचा तलाव उथळ, त्याचं पाणी पावसाळ्यात आणि त्याच्या आसपासच वापरून घेतात, उन्हाळ्यात तो कोरडा पडलेला तुम्ही बघितला असेल. वळवण आणि शिरोटा हे खरे साठ्याचे तलाव, पुढचे आठ महिने त्यांच्यावर काढायचे. तिथून पाणी दगडी बांधकामाच्या कालव्यांतून वाहत खंडाळ्याला येतं, तिथे एक छोटा तलाव आहे त्याला फोरबे म्हणतात, आणि फोरबेतून ते पाइपात शिरतं. मग डोंगरावरून सरळ खाली.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. हे पाणी मुळात कोकणातलं नाहीच. ते इंद्रायणीच्या खोऱ्यातलं पाणी आहे, अडवलं नसतं तर देहू-आळंदीवरून भीमेत आणि तिथून पंढरपूर, सोलापूर करत कृष्णेत गेलं असतं, पूर्वेच्या समुद्राकडे. ते उलटं फिरवून पश्चिमेला पाडलंय. आज जे वाद आहेत त्यांचं मूळ इथे आहे, त्याबद्दल खाली सांगतो.

आत नेमकं काय होतं? पाण्यातून वीज कशी काय निघते?

हे जरा सविस्तर सांगतो, कारण पाठ्यपुस्तकात "पाण्याच्या दाबाने टर्बाइन फिरते" एवढ्यावर संपवतात आणि मुलांना काहीच दिसत नाही.

पाइप वरून खाली येतो तेव्हा आतलं पाणी पाच-सव्वापाचशे मीटर उंच पाण्याच्या खांबासारखं खालच्या टोकावर दाब देत असतं. हिशोबाने हा दाब प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर पन्नास किलोच्या वर जातो, म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेवर सिमेंटची एक अख्खी गोणी. म्हणून अशा पाइपांचा पत्रा वरच्या बाजूला पातळ चालतो आणि खाली येईल तसा जाड लागतो. उतारावर मधे मधे जे मोठे काँक्रीटचे ठोकळे दिसतात ते पाइप घट्ट धरून ठेवण्यासाठी असतात, नाहीतर वळणावर पाण्याच्या जोराने पाइप जागचा हलेल.

पावर हाऊसमध्ये आल्यावर पाइपाच्या तोंडाला नोझल असतं. त्यातून पाणी बाहेर पडतं ते साधारण सेकंदाला 100 मीटर वेगाने, म्हणजे ताशी 360 किलोमीटर. ही धार पेल्टन व्हीलवर बसते. पेल्टन व्हील म्हणजे मोठं चाक आणि त्याच्या कडेला गोल लावलेल्या वाट्या, प्रत्येक वाटी खरं तर जोडवाटी असते, मधे एक धारदार कणा. धार बरोब्बर त्या कण्यावर बसते, दोन भागांत चिरली जाते आणि दोन्ही वाट्यांच्या आतून वळून जवळजवळ उलट्या दिशेने बाहेर पडते. चाक धारेच्या साधारण अर्ध्या वेगाने फिरतं, त्यामुळे पाणी वाटीतून सुटतं तेव्हा त्याच्यात जवळपास काहीच जोर उरलेला नसतो, ते नुसतं खाली खड्ड्यात पडतं. सगळा जोर चाकाने काढून घेतलेला असतो. चाकाच्या दांड्यावर जनरेटर, जनरेटरची वीज ट्रान्सफॉर्मरमध्ये, आणि तिथून तारांवर.

नोझलच्या आत एक सुईसारखा भाग पुढे-मागे सरकतो, त्याने धार जाड-बारीक करतात. समजा लाइनवर फॉल्ट झाला आणि लोड, म्हणजे विजेची मागणी, एकदम गेला तर काय? धार एका झटक्यात बंद करता येत नाही, कारण एवढ्या लांब पाइपातलं धावतं पाणी एकदम थांबवलं तर आतला दाब भडकतो आणि पाइप फुटू शकतो. म्हणून आधी एक पत्रा मधे येऊन धारेला चाकावरून बाजूला वळवतो, पाणी चालूच राहतं पण चाकावर बसत नाही, आणि मग सुई सावकाश पुढे सरकून धार बंद करते. हे डिझाइन शंभर वर्षांपूर्वीचं आहे आणि तत्त्व आजही तेच आहे. मला तरी या एका गोष्टीसाठी त्या लोकांपुढे हात जोडावेसे वाटतात.

एक टँकर पाण्यातून किती वीज मिळते?

हिशोब सोपा आहे. 1000 लिटर पाणी सव्वापाचशे मीटर पाडलं आणि 15 टक्के वाया गेले धरले तर साधारण सव्वा युनिट वीज. म्हणजे 10,000 लिटरच्या टँकरला 12 युनिट. तेच 1000 लिटर पाणी साध्या 30 मीटर उंचीच्या धरणाच्या पायथ्याशी पाडलं तर एका युनिटचा चौदावा-पंधरावा भाग फक्त. पाणी तेवढंच, वीज सतरा-अठरा पटीने कमी. म्हणून तर पूर्वेला वाहणारं पाणी पश्चिमेला फिरवायचा मोह झाला, कारण पूर्वेला नदी शेकडो किलोमीटर हळूहळू उतरत जाते आणि पश्चिमेला एकदम कडा आहे.

वीज खोपोलीसाठी होती का?

नाही, मुंबईसाठी, आणि मुंबईतही मुख्यतः कापडगिरण्यांसाठी. लाइन इथून निघून साधारण 70 किलोमीटरवर परळला जायची, तिथे रिसीव्हिंग स्टेशन होतं, आणि तिथून गिरण्यांना. तोवर गिरण्या वाफेच्या इंजिनावर चालायच्या, कोळसा लांब बंगालकडून यायचा, त्याचा भाव आणि पुरवठा दोन्ही बेभरवशाचं. गिरणगावाच्या आकाशात चिमण्यांचा धूर हा रोजचाच. विजेची मोटर आल्यावर एका मोठ्या इंजिनावरून पट्टे-दोऱ्यांनी सगळी गिरणी फिरवायची गरज संपत गेली. सुरुवातीला गिरणीमालक बिचकत होते, हे साहजिक आहे, घाटातल्या पावसावर आपली गिरणी सोडून द्यायची म्हणजे विचार करणारच, पण एकदा वीज टिकते हे दिसल्यावर मागणी इतकी वाढली की एकट्या खोपोलीने भागेना.

मुंबईत आधी वीज नव्हती असं मात्र समजू नका. बेस्टची कंपनी 1905 ची, विजेची ट्राम 1907 ला सुरू झाली, त्यांचं स्वतःचं छोटं वीजघर होतं. पण तो वेगळाच पल्ला. पुढे बेस्टसुद्धा टाटांकडूनच वीज घ्यायला लागली.

मग भिवपुरी आणि भिरा?

तीच कहाणी पुढे गेली. मागणी वाढली म्हणून आंध्रा खोऱ्यात ठोकरवाडी धरण बांधून त्याचं पाणी कर्जतजवळ भिवपुरीला पाडलं, ते केंद्र 1922 चं. मग मुळशीला धरण बांधून पाणी कोकणात भिऱ्याला, ते 1927 चं. तिन्ही ठिकाणी युक्ती एकच, पाणी मावळात-मुळशीत अडवायचं आणि रायगडात पाडायचं (तेव्हा कुलाबा जिल्हा). आज खोपोली 72 मेगावॅट, भिवपुरी पंचाहत्तरच्या आसपास, आणि भिरा 300 मेगावॅट, त्यातला निम्मा भाग नंतर बसवलेला पंप्ड स्टोरेजचा (म्हणजे काय ते खाली सांगतो). तीन वेगळ्या कंपन्या होत्या त्या 2000 साली एक झाल्या.

कोयनेचं तत्त्वही हेच आहे बरं का, पाणी पूर्वेचं, पाडायचं पश्चिमेला पोफळीला. फक्त ते सरकारने स्वातंत्र्यानंतर केलं आणि कितीतरी मोठं केलं.

मुळशी सत्याग्रहाचा खोपोलीशी काय संबंध?

थेट संबंध भिऱ्याशी, पण खोपोली यशस्वी झाली नसती तर मुळशीची वेळच आली नसती, म्हणून हा प्रश्न इथे घेतला आणि तो टाळून पावर हाऊसचा इतिहास सांगणं मला पटत नाही.

मुळशी धरणात निळा आणि मुळा नद्यांच्या खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावं जाणार होती. मावळे शेतकरी, भाताची खाचरं, पिढ्यान्‌पिढ्यांची. जमिनी संपादन करायचा कायदा सरकारने कंपनीसाठी वापरला, लोकांना नीट विचारलंही नाही, आणि चाचपणीसाठी शेतात खड्डे खणायला सुरुवात झाली. 16 एप्रिल 1921, रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे आणि शेकडो मावळे, त्यात बायका आणि पोरंसुद्धा, कामाच्या जागेवर जाऊन बसले. काम काही महिने थांबलं. बापटांना "सेनापती" ही पदवी याच लढ्यातून मिळाली. पण काम परत चालू झालं, पकडापकडी झाली, तुरुंगवास झाले, आणि काही जमीनमालक, विशेषतः पुण्यातले सावकार ज्यांच्याकडे बऱ्याच जमिनी गहाण होत्या, ते भरपाई घेऊन मोकळे व्हायला तयार होते, त्यामुळे लढा आतूनही फुटत गेला. 1924 मध्ये धरणाच्या मजुरांची गाडी अडवल्याच्या प्रकरणात बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालं.

धरणाविरुद्धचा हा जगातल्या सुरुवातीच्या संघटित लढ्यांपैकी एक मानतात. "विस्थापित" हा शब्दही रूढ नव्हता तेव्हाची गोष्ट आहे ही. सरदार सरोवरच्या साठ-सत्तर वर्षं आधी हेच सगळे प्रश्न मुळशीच्या लोकांनी विचारले होते: जमिनीच्या बदल्यात जमीन का नाही, विजेचा फायदा कोणाला, आणि आमचं काय. यातल्या शेवटच्या प्रश्नाचं धड उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. मला टाटांच्या इंजिनियरिंगचा अभिमान आहे आणि मुळशीच्या लोकांवर अन्याय झाला असंही मी मानतो, दोन्ही एकाच वेळी, यात मला काही विसंगती वाटत नाही.

वीज काढून घेतल्यावर पाण्यातलं सत्त्व जातं का? असं पाणी पिकाला चालतं का?

हा प्रश्न अजूनही गावागावात निघतो आणि विचारणाऱ्याला हसू नये, कारण पूर्वी हे खूप लोक मनापासून मानायचे. पाण्यातून काहीही काढलं जात नाही. फक्त ते उंचावरून पडताना जो जोर येतो तो चाक घेतं. क्षार, हवा, चव सगळं होतं तसंच. खोपोलीच्या खाली हे पाणी शंभर वर्षांहून जास्त काळ वापरात आहे.

वापरून झाल्यावर पाणी जातं कुठे?

पाताळगंगेत. आणि इथे खोपोलीचा खरा फायदा आहे जो कोणी मोजतच नाही. कोकणातल्या नद्या दिवाळीनंतर आटायला लागतात आणि एप्रिल-मेमध्ये नुसते गोटे दिसतात. पाताळगंगा मात्र उन्हाळ्यातही वाहते, ती पावर हाऊसच्या पाण्यामुळे. खोपोलीतले स्टीलचे, कागदाचे कारखाने, खाली रसायनीचा पट्टा, पाताळगंगा एमआयडीसी, पनवेल-उरणकडे जाणारा पाणीपुरवठा, खालापूर तालुक्यातली गावं, हे सगळं या पाण्यावर उभं आहे. पावर हाऊस काही कारणाने बंद राहिलं की नदीची पातळी उतरते आणि खाली पंपवाल्यांची लगेच धावपळ चालू होते. वीज मुंबईला गेली पण पाणी इथे राहिलं, आणि आजच्या घडीला खोपोलीच्या माणसासाठी पाणी ही विजेपेक्षा मोठी गोष्ट आहे.

याचीच दुसरी बाजू म्हणजे कारखान्यांनी नदीत काय सोडलं. नदी बारमाही आहे म्हणून कारखाने आले, आणि कारखाने आले म्हणून नदी घाण झाली. यावर जेवढा आवाज उठायला पाहिजे तेवढा उठत नाही.

टाटांचं पाणी भीमा खोऱ्याला परत द्या अशी मागणी आहे ती काय आहे?

वर सांगितलं तसं, पाणी मुळात भीमेचं. कृष्णा पाणीवाटप लवादाने टाटांच्या धरणांतून पश्चिमेला वळवायच्या पाण्याची मर्यादा ठरवून दिलेली आहे, सरासरी वर्षाला साधारण 42 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी). दुष्काळी वर्षात सोलापूर, दौंड, इंदापूरची माणसं विचारतात की आमच्याकडे प्यायला पाणी नाही आणि आमच्या खोऱ्यातलं पाणी वीज करून समुद्राकडे का जातंय. प्रश्न बरोबर आहे. 1910 साली जेव्हा हे ठरलं तेव्हा खालच्या शेतकऱ्याला कोणी विचारलं नव्हतं, पिंपरी-चिंचवड आजच्यासारखं नव्हतं आणि भीमेवरचं उजनी धरणही नव्हतं.

पण उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. एक तर ते पाणी थेट समुद्रात जात नाही, पाताळगंगेवर, उल्हास नदीवर आणि कुंडलिकेवर आता लाखो लोक आणि कारखाने अवलंबून आहेत (भिवपुरीचं पाणी उल्हास नदीत येतं, म्हणजे बदलापूर, कल्याण, उल्हासनगरचे नळ). ते उद्या बंद केलं तर इकडे हाहाकार. माझं मत विचाराल तर टंचाईच्या वर्षात भीमा खोऱ्यातल्या लोकांच्या पिण्याच्या पाण्याला पहिला मान मिळाला पाहिजे, विजेला नंतर, कारण वीज आता दहा ठिकाणांहून मिळू शकते. आणि इकडच्या शहरांनी स्वतःचं पाणी साठवायला शिकलं पाहिजे. आमच्या भागातल्या बऱ्याच लोकांना हे आवडणार नाही हे मला माहीत आहे.

72 मेगावॅट म्हणजे आजच्या मानाने किरकोळ. मग चालू कशाला ठेवलंय?

आकड्यावर जाऊ नका. कोळशाचं केंद्र बंद पडलं तर परत पूर्ण चालू व्हायला कित्येक तास लागतात. पेल्टन व्हील काही मिनिटांत लोड घेतं. त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी मुंबईची मागणी एकदम चढते तेव्हा ही जुनी केंद्रं कामाला येतात. आणि ग्रिड पूर्ण पडलं तर कोळशाच्या केंद्राला स्वतःचे पंप आणि पंखे फिरवायलाही बाहेरून वीज लागते, पाण्याच्या केंद्राला फार थोडी लागते. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, ते आठवत असेल. त्या दिवशी पुरवठा परत उभा करताना मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्राबरोबर घाटाखालची जलविद्युत केंद्रंही कामाला लागली होती.

पंप्ड स्टोरेज म्हणजे काय? शिरोट्याला मोठं काहीतरी होणार आहे म्हणे?

रात्री किंवा दुपारी वीज जास्त असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं आणि गरजेच्या वेळी परत पाडायचं. चढवताना जेवढी वीज जाते त्यापेक्षा पाडताना कमी मिळते, पण स्वस्त वेळेची वीज महागाच्या वेळी मिळते, म्हणून परवडतं. सोलर वाढल्यापासून याला फार महत्त्व आलंय. भिऱ्याला हे आधीपासून आहे. 2023 मध्ये टाटा पावरने राज्य सरकारशी दोन मोठ्या प्रकल्पांचा करार केला, शिरोट्याला 1800 मेगावॅट आणि भिवपुरीला 1000 मेगावॅट. म्हणजे जुन्या खोपोली केंद्राच्या पंचवीस पट एकट्या शिरोट्याला. जंगल किती जाणार, कोणाच्या जमिनी, स्थानिकांना काम किती, हे प्रश्न आत्ताच, कागद तयार होत असतानाच विचारले पाहिजेत, ग्रामसभेत आणि जनसुनावणीत. मुळशीला लोकांना कळलं तेव्हा खड्डे खणायला लोक आलेले होते.

आत बघायला जाता येतं का?

असंच उठून नाही. संरक्षित जागा आहे, कंपनीच्या परवानगीशिवाय गेटच्या आत सोडत नाहीत. इंजिनियरिंग कॉलेजने आधी पत्रव्यवहार करून रीतसर परवानगी काढली तर बघावं. पाइपलाइनवर चढायचं, त्यावर बसून फोटो काढायचे, कालव्यात पोहायचं, हे अजिबात करू नका. कालव्याचं पाणी वरून संथ दिसतं पण ओढ असते आणि दगडी भिंतीला हात अडकवायला काही नसतं. पावसाळ्यात तर त्या बाजूला फिरकूही नका.

बाहेरून बघायचं असेल तर जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने घाट चढताना पाइप दिसतात, रेल्वेने गेलात तरी दिसतात. पाऊस नुकताच थांबलेला आणि धुकं वर गेलेलं अशा सप्टेंबरच्या सकाळी सगळ्यात छान दिसतं.

शाळेच्या प्रोजेक्टसाठी काय करू?

मॉडेल करणारी मुलं धरण आणि पंखा करतात आणि थांबतात. तुम्ही दोन गोष्टी जास्त करा. एक म्हणजे नकाशा: इंद्रायणी कुठून निघते, कुठे जायला पाहिजे होती, आणि कुठे वळवली, हे दोन रंगांनी दाखवा. दुसरं, घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पावर हाऊसमध्ये कोण कामाला होतं, गावात पहिला दिवा कधी लागला, नदी तेव्हा कशी होती. खोपोली, लोणावळा, खालापूर, कर्जत या भागात असं सांगणारं कोणी ना कोणी प्रत्येक आळीत सापडेल. नाव-गाव त्यांना विचारूनच लिहा, आणि ऐकलेलं तारखेसकट वहीत उतरवा, मोबाइलमधलं रेकॉर्डिंग फोन बदलला की जातं.

अजून प्रश्न असतील तर?

पाठवा, जसं जमेल तसं इथे टाकत जाईन. विशेषतः वळवण आणि शिरोट्याखाली ज्यांच्या घरच्या जमिनी गेल्या त्यांच्याकडे जुने कागद, सातबारा, नोटिसा, फोटो असतील तर त्याबद्दल जरूर कळवा. मुळशीवर बरंच लिहिलं गेलंय, या आधीच्या दोन धरणांखालच्या गावांवर फारच थोडं.